समुद्र ओलांडण्याआधी

ससेक्सच्या किनाऱ्यावर राहायला आल्यापासून दर शरदात लोक मला एकच विचारतात, पानं लाल झाली का? गुहागरहून घरचे फोनवर विचारतात, लंडनमधले मराठी मित्रही विचारतात. पानांचे रंग बघायचे तर इंग्लंडात दुसऱ्या पुष्कळ चांगल्या जागा आहेत. आमच्या सीफर्ड ते ईस्टबोर्न पट्ट्यात झाडं मुळात थोडी, आणि जी आहेत ती खाऱ्या वाऱ्याने एका अंगाला झुकलेली. इथे आहेत त्या खडूच्या गवताळ टेकड्या. साउथ डाउन्स म्हणतात त्यांना. त्या समुद्रापर्यंत येतात आणि पांढऱ्या कड्यांनी एकदम तुटतात. त्यातला बीची हेड १६२ मीटर उंच, ब्रिटनमधला खडूचा सर्वांत उंच समुद्रकडा. समोर सुमारे शंभर किलोमीटरवर फ्रान्स. ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत पाखरांचे थवेच्या थवे देशभरातून दक्षिणेला सरकतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या पायाखालची शेवटची इंग्लिश जमीन हीच असते. समुद्र ओलांडण्याआधी ती इथे उतरतात, खातात, दम घेतात. इथला शरद म्हणजे हे खाणं आणि हे निघणं. इतक्या वर्षांत तो बघताना जे हाती लागलं, ते लिहिते.

१. आधी वारा बघावा, मग बूट घालावेत.

सुट्टी कधी आहे यापेक्षा वारा कुठून आहे हे महत्त्वाचं. रात्र स्वच्छ आणि वारा उत्तरेचा असला की छोटे पक्षी रात्रीच समुद्र पार करून जातात. सकाळी कड्यावर जावं तर झुडपं रिकामी. रात्र निरभ्र, पण पहाटे ढग किंवा बारीक पाऊस, आणि वारा हलका, आग्नेयेकडून, असं जमून आलं की वाटेतले पक्षी खाली उतरतात. अशा सकाळी बर्लिंग गॅपजवळच्या झुडपांत चिफचॅफसारखे पर्णवटवटे, ब्लॅककॅप, रेडस्टार्ट, फ्लायकॅचर एकाच ठिकाणी भेटतात. सगळे भुकेले असतात, त्यामुळे माणसाकडे फारसं लक्ष देत नाहीत. ऊन चढलं की पांगतात. म्हणून सप्टेंबरात झोपण्याआधी मी हवामानाचा नकाशा बघते आणि गजर लावायचा की नाही ते त्यावरून ठरवते.

नैर्ऋत्येचं वादळ आलं तर टेकडीचा नाद सोडावा. सीफर्डच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर आडोसा धरून समुद्राकडे बघत बसावं. पावणेदोन मीटर पंखांचे पांढरेशुभ्र गॅनेट वाऱ्याने किनाऱ्याजवळ ढकलले जातात आणि डोळ्यांसमोर पाण्यात सूर मारतात.

आणि ऑक्टोबरात पूर्वेचा वारा दोन-चार दिवस टिकला, तर एक दिवस कामावरून रजा काढावी. सैबेरियातला यलो-ब्राउड वॉर्बलर अशाच वाऱ्यावर येतो. त्याच सुमारास गोल्डक्रेस्ट येतात, चमचाभर साखरेच्या वजनाचे. एवढासा जीव उत्तर समुद्र ओलांडून येतो हे पूर्वी लोकांना खरं वाटत नसे. तो वुडकॉक नावाच्या पक्ष्याच्या पाठीवर बसून येतो अशी समजूत होती. बर्लिंग गॅपच्या झुडपात तो हाताच्या अंतरावर कोळी टिपताना बघितला की ही समजूत का झाली असेल ते पटतं.

२. पंचांग आपलंच वापरावं.

सण महिनाभर मागेपुढे होतात, त्यामुळे ताळा तंतोतंत जमत नाही, तरी माझं चांगलं निभतं. गणपतीत व्हीटिअर आणि माळभिंगऱ्या. नवरात्राच्या आसपास रिंग औझल. (व्हीटिअर आणि रिंग औझल कोण, ते पुढे येईलच.) दिवाळीत स्टार्लिंग, आणि कड्यांच्या पायथ्याशी काळा थिरथिरा. हा आपल्याकडे हिवाळ्यात परसात, गावकुसाला शेपूट थरथरवत फिरतो तोच. फक्त आपल्याकडचे मध्य आशिया आणि हिमालयाकडून येतात, इकडचे युरोपातून, आणि इकडच्या नराचं पोट तांबूस नसून करडं-काळं असतं.

कोजागिरीला मात्र घरातच थांबावं. दूध आटवून आम्ही मागच्या अंगणात बसतो, अंगावर शाली घेऊन, कारण इथे तेव्हा आठ-दहा अंशांवर पारा असतो. त्या सुमारास स्कँडिनेव्हियातून रेडविंग येत असतात. ते रात्री उडतात आणि उडताना एकमेकांना साद देतात, 'त्सीऽप', बारीक आणि थोडी घासलेली. दिसत काही नाही. पण आकाशात इतक्या उंचावरून कुणीतरी चाललंय हे एकदा ऐकू आलं की मुलंसुद्धा बोलायची थांबतात. शेजारच्या इंग्लिश आजी दर वर्षी केशरी दुधाला येतात. त्यांच्या कानांना आता ती साद लागत नाही, म्हणून धाकटी लेक त्यांच्या हाताला हात लावून सांगते, आत्ता एक गेला.

३. खाणाऱ्याला उठवू नये.

हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

रिंग औझल हा कस्तुराच्या कुळातला पक्षी. नर काळा, छातीवर पांढरी चंद्रकोर. मादी आणि पिल्लं मळकट, कोर पुसट. वेल्स, उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत तो वाढतो आणि हिवाळ्याला स्पेनच्या दक्षिणेला, मोरोक्कोच्या अ‍ॅटलास पर्वतात जातो. वाटेत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर तो या टेकड्यांवर थांबतो, कारण तेव्हा इथे एल्डरची काळी फळं आणि हॉथॉर्नची लाल फळं पिकलेली असतात. सेलबॉर्नचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांची आत्या लुइसजवळ रिंगमरला राहत असे. तिच्याकडे जाता-येता त्यांनी या पक्ष्याची शरदातली ये-जा टिपून ठेवली आणि १७८९ साली आलेल्या आपल्या पुस्तकात ती लिहिली. ते म्हणतात तो काळ म्हणजे २९ सप्टेंबरच्या सणाच्या आगेमागे. सव्वादोन शतकांहून अधिक काळानंतरही पक्षी त्याच दिवसांत त्याच टेकड्यांवर उतरतो. व्हाइटना माहीत नव्हतं ते एवढंच की पुढे ब्रिटनमध्ये याची संख्या इतकी घटेल की तो धोक्याच्या लाल यादीत जाईल.

तो अतिशय बुजरा असतो. झुडपाच्या आतून 'टक्-टक्' असा कडक आवाज येतो, मग एक सावली दुसऱ्या झुडपात जाते. फोटोसाठी लोक झुडपाला वळसा घालून जवळ जातात. पक्षी उडतो, लोक मागे जातात, तो पुन्हा उडतो. अशी सकाळ त्याला परवडणारी नसते. प्रवासी पक्षी या दिवसांत अंगावर चरबी साठवत असतात. काही वटवटे तर निघण्याआधी आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात. समुद्रावर चरायला काही मिळत नाही. जे पोटात गेलं तेवढंच. म्हणून मी झुडपापासून चांगलं अंतर ठेवून, वाऱ्याच्या आडोशाला बसून राहते. बसलेल्या माणसाला पक्षी लवकर स्वीकारतात. अर्ध्या तासात तो आपण होऊन बाहेर येतो आणि फळं खुडू लागतो. तो खातोय हे बघण्यासारखं दुसरं सुख या ऋतूत नाही.

याच ओघात कुंपणांबद्दल. इंग्लंडात शेताची झुडपी कुंपणं १ मार्च ते ३१ ऑगस्ट छाटायला बंदी असते, घरटी मोडू नयेत म्हणून. चांगला नियम आहे. पण १ सप्टेंबरला मोकळीक मिळते आणि काही ठिकाणी लगेच यंत्रं फिरू लागतात, म्हणजे ऐन फळं पिकायच्या वेळी. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत थांबणारे शेतकरीही आमच्या भागात आहेत, आणि त्यांच्या कुंपणाला शरदात जी गर्दी असते ती शेजारच्या छाटलेल्या कुंपणाला नसते. ज्यांच्या घरामागे हॉथॉर्न किंवा आयव्ही आहे त्या सगळ्यांना मी हेच सांगते : हिवाळा सरेपर्यंत कात्री लावू नका. आयव्हीला तर फुलंच सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात. तिच्यावर जगणारी आयव्ही मधमाशी ब्रिटनमध्ये २००१ साली पहिल्यांदा सापडली आणि आता दक्षिण किनाऱ्यावर सगळीकडे आहे. बाकीची फुलं संपलेली असताना तिचं सगळं जगणं त्या वेलावर.

४. जमिनीवरच्या गोष्टीला इतिहास असतो, तो विचारावा.

कड्याजवळच्या आखूड गवतावर एक पक्षी धावतो, थांबतो, ताठ उभा राहतो आणि उडाला की शेपटीच्या वरचा भाग पांढरा चमकतो. तो व्हीटिअर. आपल्या माळरानांवर हिवाळ्यात येणाऱ्या रणगोज्याचा भाऊबंद. वजन जेमतेम पंचवीस ग्रॅम, आणि जायचं सहाराच्या पलीकडे. याच्याच जातीचे अलास्कात वाढलेले पक्षी आशिया ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात, एकेरी सुमारे १५,००० किलोमीटरचा पल्ला.

या टेकड्यांवरचे मेंढपाळ एके काळी हा पक्षी पकडून विकत. गवताचा तुकडा कापून चर करायचा, तोच तुकडा वर उलटा ठेवायचा, आत घोड्याच्या केसांचा फास. ढगाची सावली आली तरी व्हीटिअर आडोशाला शिरतो, हे मेंढपाळांना ठाऊक होतं. ब्रायटन, ईस्टबोर्नच्या श्रीमंत पाहुण्यांच्या ताटांत ते डझनांनी जात. पुढे पक्षिसंरक्षणाचे कायदे आले आणि धंदा बंद पडला. डब्ल्यू. एच. हडसन यांनी १९०० साली या टेकड्यांच्या निसर्गावर पुस्तक लिहिलं तेव्हा ही प्रथा अजून पुरती गेलेली नव्हती. हडसन अर्जेंटिनात जन्मलेले, तिशी ओलांडल्यावर इंग्लंडात आलेले. बाहेरून आलेल्या माणसाने इथली माती इतक्या जिव्हाळ्याने बघितली, याचा मला आधार वाटतो.

५. गुडघे टेकावेत.

वर बघून मान दुखली की खाली बघावं. खडूच्या जमिनीवरचं जुनं, मेंढ्यांनी चरलेलं गवत फार श्रीमंत असतं. चांगल्या ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये चाळीस जातींच्या वनस्पती मिळतात. माती पातळ आणि कसदार नाही, म्हणूनच कुणी एक जात बाकीच्यांना दडपू शकत नाही. सप्टेंबरात इथे वीतभरही उंच नसलेलं एक ऑर्किड फुलतं, ऑटम लेडीज ट्रेसेस. पांढरी इवली फुलं दांड्याभोवती गोल चढत जातात. अ‍ॅडोनिस ब्लू फुलपाखराची दुसरी पिढी याच दिवसांत उडते. नराच्या निळ्याला मला कुठल्याच भाषेत शब्द सापडलेला नाही. या फुलपाखराला उबदार, आखूड गवत लागतं. १९५३ साली सशांचा साथीचा रोग ब्रिटनमध्ये आला, ससे मेले, गवत वाढलं, आणि ही फुलपाखरं जागोजाग नाहीशी झाली. मेंढ्या परत आणल्या, गवत उतरलं, तशी ती काही ठिकाणी परतली. मेंढी पुढे चरत असते आणि मागे हे सगळं जगत असतं.

ऑक्टोबरच्या पावसानंतर त्याच गवतात वॅक्सकॅप नावाच्या भूछत्र्या येतात, लाल, पिवळ्या, हिरव्या. खत किंवा नांगर लागलेल्या जमिनीत त्या येत नाहीत. असं खडूचं माळरान दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडने जवळजवळ ८० टक्के गमावलं. त्यामुळे गवतावर पसरलेली सतरंजी उचलून पायवाटेच्या कडेला घ्या असं मी पाहुण्यांना सांगते, त्यांना आवडो न आवडो.

६. दुर्मीळ काय ते गाव ठरवतं.

एका सप्टेंबरात आई गुहागरहून आली होती. किनाऱ्यालगत एव्हरलास्टिंग पी नावाचा गुलाबी फुलांचा वेल माजलेला होता आणि त्याच्याभोवती चार-पाच माणसं मोठाले कॅमेरे घेऊन गुडघ्यांवर बसलेली. आईने वाकून बघितलं. करड्या-निळ्या पंखांचं, मागे दोन काळे ठिपके आणि दोऱ्यासारखी शेपटी असलेलं छोटं फुलपाखरू.

"अगं, ही आपल्या वालाच्या मांडवावरची ना? शेंगेत अळी असते तिची?"

"हो आई, तीच."

"आणि हे लोक तिला बघायला आलेत?"

आले होते, कितीतरी लांबून. ब्रिटनमध्ये हे फुलपाखरू पहिल्यांदा सापडलं ते १८५९ साली ब्रायटनजवळ. त्यानंतर दीडशे वर्षं ते क्वचित एखाददुसरं दिसे. २०१३ साली मात्र समुद्रापलीकडून पुष्कळ आली, दक्षिण किनाऱ्यावर याच वेलावर अंडी घातली आणि शरदात इथे जन्मलेली पिढी उडाली. इथला हिवाळा त्यांना सोसत नाही. आपल्याकडे मात्र तुरीच्या, पावट्याच्या, वालाच्या शेंगा पोखरते म्हणून बायका त्याची अळी चिमटीत धरून चिरडतात.

मग आई त्या वेलापाशी बसली. आयुष्यभर शेंगा निवडलेले डोळे. कॅमेरेवाल्यांना सकाळपासून जे मिळालं नव्हतं ते तिला लगेच दिसलं : कळीच्या देठाशी टाचणीच्या टोकाएवढं पांढरं अंडं. तिने बोट दाखवलं, मी इंग्रजीत सांगितलं, आणि ती अनोळखी माणसं एकेक करून तिचे आभार मानून गेली.

ककमिअर नदीच्या मुखाशी दुर्मीळ ते नेहमीचं होतानाही बघायला मिळतं. तिथे चिखलात लहान बगळा उभा असतो. आपल्या भातखाचरांत त्याच्याकडे कोण बघतं? ब्रिटनमध्ये त्याने पहिलं घरटं केलं ते १९९६ साली, डॉर्सेटमधल्या ब्राउनसी बेटावर. गायबगळ्याने २००८ साली, मोठ्या बगळ्याने २०१२ साली, दोघांनीही समरसेटमध्ये. आता तिघंही इथे दिसू शकतात. माझ्या शेजारणीच्या बालपणी यांतलं एकही पाखरू या नदीवर नसायचं. माझ्या बालपणी तिघंही रोज घरासमोर असत.

७. पाणी कुठे आहे ते माहीत असावं.

खडू पाणी धरत नाही, झिरपून जातं. म्हणून टेकडीमाथ्यावर मेंढ्यांसाठी चिकणमाती धोपटून केलेली जुनी गोल तळी आहेत, ड्यू पाँड. सकाळी त्यांच्या काठाला गोल्डफिंच, लिनेट पाण्याला येतात, आणि गुरांच्या पायांत पिवळे धोबी धावतात, अगदी आपल्याकडच्यासारखे.

८. गर्दीची जागाही सोडू नये.

ब्रायटनचा पॅलेस पिअर म्हणजे पाळणे, चिप्स, मोठ्याने गाणी. तरी दिवाळीनंतर एखाद्या कोरड्या संध्याकाळी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी तिथे पोचावं. स्टार्लिंग शेतांवरून, गावांवरून तुकडीतुकडीने येतात, एकत्र होतात आणि पाण्यावर वळणं घेत फिरतात. ज्वारीच्या शेतांवर भोरड्यांचे थवे ज्यांनी बघितलेत त्यांच्या हे ओळखीचं आहे, पण समुद्रावर, मावळतीच्या उजेडात, १९७५ साली बंद पडलेल्या आणि २००३ साली जळालेल्या वेस्ट पिअरच्या उरल्यासुरल्या लोखंडी सांगाड्याभोवती ते बघणं वेगळं. शहरातल्या उंच इमारतीवर राहणारा बहिरी ससाणा मधूनच थव्यात घुसतो आणि सगळा थवा आकसून गडद होतो. स्टार्लिंगही आता ब्रिटनच्या लाल यादीत आहे. इतकी पाखरं समोर असताना हे पटत नाही, पण ज्येष्ठ लोक सांगतात की पूर्वीचे थवे याहून कितीतरी मोठे असत.

९. कडा, कुत्री आणि बस.

खडूचा कडा सारखा ढासळत असतो. बेल टूट दीपगृह १९९९ साली उचलून १७ मीटर मागे सरकवावं लागलं. काठावरचं गवत खालून पोकळ असू शकतं, म्हणून फोटोसाठी काठाशी जाऊ नये, मुलांना तर नाहीच. कुत्रा असेल तर ओहोटीला नदीकाठी त्याला दोरीवर ठेवावं. चिखलात चरणारे कर्ल्यू आणि ऑयस्टरकॅचर एकदा उठले की पुन्हा टेकायला वेळ लागतो, आणि त्यांची चरायची वेळ भरती-ओहोटीने आधीच मोजून दिलेली असते.

गाडीची गरज नाही. ब्रायटन-ईस्टबोर्न १२ नंबरची बस एक्सीटला थांबते. तिथून नदीच्या कडेने अर्ध्या-पाऊण तासात समुद्र. वारा अडवणारं जाकीट, दुर्बीण, थर्मासात चहा. ओहोटी कधी आहे ते बघून निघावं. नोव्हेंबरात पावणेपाचपर्यंत काळोख होतो, तेव्हा परतीची बस त्याआधीची धरावी.